तपकिरी की हिरवा: स्वस्त आयात केलेल्या घडीच्या चाकूची पारख

एकाच मॉडेलचे दोन चाकू. तीन पात्यांचे, हाडाच्या मुठीचे, मिटलेले असताना साधारण दहा सेंटिमीटर लांब. एकाची मूठ तपकिरी, दुसऱ्याची हिरवी. बाकी सगळं सारखं. माझ्या एका मित्राने हे दोन्ही एकदमच मागवले. त्याला लाकूड कोरायचा छंद आहे आणि त्याची मुलगीही अलीकडे त्याच्याकडून ते शिकते आहे. एक चाकू स्वतःला, एक लेकीला, असा साधा हिशेब. पण हातात आल्यावर तपकिरी चाकू अलगद उघडत होता आणि हिरवा करकरत, नखाला जड जात. त्याने निकाल लावूनच टाकला: तपकिरी चांगला, हिरवा परत. तरी परत पाठवण्याआधी त्याने दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "तू एकदा बघ, मग मी पार्सल बांधतो," म्हणाला.

शेवटी परत गेला तो तपकिरी. का, ते सविस्तर लिहितो. अशा स्वस्त चाकूंबद्दल बहुतेकांचं मत पहिल्या उघडझापीतच बनतं, आणि ती खूण फार फसवी आहे.

आधी रचना समजून घेऊ. या जुन्या घडणीच्या चाकूला कुलूप नसतं. पाठीला पोलादाची जाड स्प्रिंग असते आणि पात्याचं बूड तिच्या टोकाला घासत फिरतं. पातं पूर्ण उघडलं की बुडाची सपाट बाजू स्प्रिंगवर चपखल बसते. मिटवताना बुडाचा कोपरा स्प्रिंगला उचलतो, आणि कोपरा ओलांडला की ती पुन्हा खाली बसते. उघडं पातं बोटांवर मिटू नये याची सगळी जबाबदारी त्या स्प्रिंगच्या ताकदीवर आणि बुडाशी जमवलेल्या तिच्या मेळावर असते. आपल्या प्रकरणातला नमुना 'स्टॉकमन' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत गुराख्यांसाठी आणि पशुपालकांसाठी तो रुळला. त्यात टोकदार मोठं 'क्लिप' पातं, सरळ धारेचं आणि बोथट नाकाचं 'शीपफूट', आणि वासरांच्या खच्चीकरणासाठी वापरलं जाणारं आखूड 'स्पे' असतं. तीन पाती बहुतेक वेळा दोनच स्प्रिंगांवर चालतात. म्हणजे एका स्प्रिंगला दोन्ही टोकांनी दोन पाती सांभाळावी लागतात, आणि तिचा ताण ही त्या दोघांमधली तडजोड असते.

आता स्वस्त चाकू स्वस्त कशामुळे होतो? सामानात थोडं वाचतं, पण फार नाही. खरं वाचतं ते जुळवणाऱ्या हाताच्या वेळेत. कसलेला कारागीर पातं तात्पुरत्या खिळ्यावर चढवतो, उघडून-मिटवून बघतो, पुन्हा सोडवतो, बुडाचा कोपरा कानशीने केसभर घासतो, पुन्हा चढवतो. समाधान झालं की मगच खिळा ठोकून कायम करतो. स्वस्त मालात भाग यंत्रावर कापलेले असतात, ढिगाने जुळवले जातात आणि प्रत्येक नगावर असा पुन्हापुन्हा हात फिरत नाही. भाग आपोआप जमले तर चाकू सुरेख उतरतो. नाही जमले तर तोही तसाच खोक्यात जातो. म्हणून अशा मालात ब्रँडची पारख अर्धीमुर्धीच उपयोगी पडते. पारख नगाची करावी लागते. हे दोन चाकू त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण होते की मला त्यावर लिहावंसं वाटलं.

दोन्हींच्या मोठ्या पात्याच्या बुडावर 'चायना' असा छाप होता. तो वाचून नाक मुरडणारे बरेच भेटतात. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे शहर चाकू-कात्र्यांच्या उद्योगाचंच केंद्र आहे, आणि तिथून सामान्य माल निघतो तसा अतिशय नेमका मालही निघतो. देशाचा छाप मारण्याची सक्ती मुळात आली कुठून हेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकूवाल्यांची तक्रार होती की जर्मनीतल्या झोलिंगनचा स्वस्त माल शेफिल्डच्या नावाने खपवला जातो. अशा तक्रारींतून १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये मालाच्या खुणांचा कायदा झाला आणि परदेशी मालावर 'मेड इन जर्मनी' लिहिलं जाऊ लागलं. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. आज जुने चाकू जमवणारे नेमकं झोलिंगनचं नाव बघून हरखतात, आणि १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षणही आहे. छाप चाकू कुठे बनला एवढंच सांगतो. समोरचा नग नीट जमला आहे की नाही, ते सांगणं त्याचं काम नाही.

तपासणीला बसण्याआधी धारांवर कागदी टेप चिकटवली. पात्याशी झटापट होणार हे माहीत असताना उघड्या धारेशी खेळण्यात शहाणपणा नाही.

पहिली परीक्षा उजेडाची. चाकू खिडकीसमोर आडवा धरायचा आणि स्प्रिंग व तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्यामधून उजेड झिरपतो का ते बघायचं. तपकिरीमध्ये कुठेही रेघ नव्हती. हिरव्याच्या मधोमध, मधल्या खिळ्यापासून थोडं पुढे, केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. मित्राने लगेच मान हलवली. पण मधल्या भागातली अशी बारीक फट कामाला अडत नाही. तिच्यात ओल आणि कचरा साठू शकतो, म्हणून अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा लागतो, इतकंच. हीच फट पात्याच्या खिळ्याजवळ असती तर मी वेगळं बोललो असतो, कारण तिथे फट असली की पात्याला डुलायला जागा मिळते.

दुसरी परीक्षा पाठीवर बोट फिरवायची. पातं मिटलेलं, काटकोनात उभं आणि पूर्ण उघडं, अशा तिन्ही अवस्थांत स्प्रिंगची पाठ पितळी पट्ट्यांशी सपाट असावी ही उत्तम जुळणीची खूण. तिन्ही ठिकाणी सपाट येणं कठीण असतं; महागड्या चाकूंतही ते नेहमी जमतंच असं नाही. तपकिरीची पाठ तिन्हीकडे सपाट. हिरव्याची मिटलेली आणि उघडी असताना सपाट, पण काटकोनात उभी केली की स्प्रिंग किंचित आत बुडत होती. दिसायला उणीव, वापराला काही नाही. दोन्हींना काटकोनात थांबा होता, म्हणजे मिटवताना पातं मध्येच एकदा अडकतं. शिकाऊ हातासाठी हे फार मोलाचं, कारण तिथे थांबून बोटं बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

इथपर्यंत तपकिरी पुढे होता. दिसण्यात तो खरंच देखणा चाकू होता.

मग पाती मध्यावर बसतात का ते पाहिलं. एका पात्याच्या चाकूत पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये असावं हा नियम ठीक आहे. तीन पात्यांच्या चाकूला तो तसाच लावून बरेच जण चांगला नग नापास करतात. तीन पाती एवढ्याशा जागेत एकमेकांच्या शेजारून सरकवायची म्हणजे काहींना बुडाशी मुद्दाम बाक द्यावा लागतो. त्यामुळे ती एका अंगाला कललेली दिसणं स्वाभाविक आहे. बघायचं ते घासल्याचे ओरखडे. पाती एकेक करून उघडायची आणि चकचकीत अंगावर तिरपा उजेड पाडून ताज्या रेघा शोधायच्या. दोन्हींत नव्हत्या.

आता त्या करकरण्याकडे येऊ. हिरव्याचं मोठं पातं सावकाश उघडताना आवाज 'टक' असा स्वच्छ येत नव्हता. आधी खरखर, मग टक. चिमटीला बारीक थरथर जाणवत होती. स्प्रिंग आणि बूड खरोखर खडबडीत असतील तर असं होतं, पण कारण नुसती घाण हेही असू शकतं. कारखान्यात पॉलिशच्या चाकावर चाकू चढतो तेव्हा पॉलिशचं मेण आणि त्यातली घासणारी पूड सांध्यात शिरते. पुष्कळ वेळा ती काढलीच जात नाही. खिळ्याशी कापसाची काडी फिरवली तर ती काळीकुट्ट निघाली. गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकले, चाकू पाण्याखाली पुन्हापुन्हा उघडला-मिटवला, जुन्या टूथब्रशने खोबणी घासल्या. पाणी राखाडी होत गेलं. चाकू फार वेळ भिजवला नाही, कारण रंगवलेलं हाड पाणी पितं आणि फुगतं. लगेच पुसून, कोमट हवेच्या झोताने सांधे वाळवून प्रत्येक खिळ्याला खनिज तेलाचा एकेक थेंब दिला. खाण्याचं तेल इथे चालत नाही. ते काही काळाने चिकट होतं. उघडझाप करून बाहेर आलेलं काळं तेल पुसलं, पुन्हा थेंब दिला. खरखर गेली. पातं अजूनही जड होतं, पण ते स्प्रिंगच्या ताकदीचं जड होतं, आणि आवाज आता कोरडा, एकसंध येत होता. मित्राने दोनदा उघडून बघितलं आणि गप्प राहिला.

तपकिरीही तसाच धुतला. तो आणखी सैल झाला, आणि तिथेच मला शंका आली.

अलगद उघडणं दोन कारणांनी येतं. बूड आणि स्प्रिंग आरशासारखे घासलेले असतील तर ताण भरपूर असूनही पातं गुळगुळीत फिरतं, ही कारागिरी. किंवा स्प्रिंगमध्ये ताणच कमी असेल, हा दोष. फरक ओळखायला पातं पूर्ण उघडायचं, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला घ्यायची आणि पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर हळू दाबायची. हिरव्याचं पातं बराच दाब घेऊनही हललं नाही. सुटलं तेव्हा जोराने काटकोनात जाऊन थांबलं. तपकिरीचं पातं हलक्या दाबालाच सरकलं, आणि काटकोनाचा थांबाही त्याला जेमतेम अडवू शकला. लाकूड कोरताना टोक रुतवून हात मागे घेतला किंवा पात्याच्या पाठीवर चुकून भार आला तर हे पातं बोटांवर येणार. लेकीच्या हातात देण्याचा प्रश्न माझ्या दृष्टीने इथेच संपला होता, पण तपासणी पुरी करायची होती.

पात्याचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवलं. हिरव्यात काही नाही. तपकिरीत स्पष्ट ढिलाई, खिळ्याजवळ बारीक 'टिक टिक'. मित्र म्हणाला, "अरे, खिळा ठोकून घट्ट होईल की." होतो कधीकधी. खिळ्याचं डोकं छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने अगदी हलकेच ठोकत पसरवलं की आडवी ढिलाई कमी होते. पण या चाकूच्या टोकांना निकेल सिल्व्हरचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांवरचे धातूचे तुकडे, होते. (त्यात चांदी नसते; तांबं, निकेल आणि जस्त असतं.) खिळ्याची डोकी त्यात घासून एकजीव केलेली, दिसेनाशी. तिथे हातोडी चालवली तर चकाकी जाणार, आणि फटका थोडा जरी हाडाकडे गेला तर मूठ तडकणार. शिवाय खिळा आवळून स्प्रिंगची ताकद वाढत नाही. मूळ दोष तिथला होता.

सगळ्यात बोलकी ठरली ती मिटतानाची परीक्षा. पातं स्प्रिंगच्या जोराने आपटून मिटू दिलं तर काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आदळते आणि त्या जागी बोथट होते. नंतर माणूस पोलादाला दोष देत बसतो. हे टाळायला बुडाशी, धारेच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो. त्याला किक म्हणतात. मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार वर अधांतरी ठेवतो. मी दोन्ही मोठ्या पात्यांना आधी निसण्यावर एकसारखी धार लावली. मग दिव्याखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरली. धारदार कडेवर उजेड परावर्तित होत नाही, ती काळी रेघच दिसते. दोन्ही काळ्या होत्या. मग दोन्ही पाती काही वेळा मुद्दाम आपटून मिटवली आणि पुन्हा पाहिली. हिरव्याची रेघ अखंड काळी. तपकिरीच्या मध्याच्या थोडं पुढे, पोटाच्या भागात, मोहरीएवढा पांढरा ठिपका चमकत होता. नख तिथे आणलं तर अडकलं. ढिली स्प्रिंग असूनही धार आपटत होती, म्हणजे किक कमी उंचीचं निघालं होतं. मिटलेल्या पात्याचं टोक पट्ट्यांच्या आत नीट लपावं म्हणून किक घासण्याची रीत आहे. जास्त घासलं की हेच होतं. तपकिरीचं टोक इतकं सुंदर लपलेलं का होतं, त्याचा उलगडा झाला. एरवी या दोषावर उपाय आहे: पातं बोटाने धरून सावकाश मिटवायचं, आणि धार लावताना कड जसजशी मागे जाते तसतसा आपटाही संपतो. पण तीन दोष एका पात्यात, आणि तेही नव्या चाकूत, हे पत्करायचं कारण नव्हतं.

पोलादाबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात, आणि या प्रकरणात ते सगळ्यात कमी महत्त्वाचं ठरलं. विक्रेत्याने ४४०ए असं लिहिलं होतं. त्यात कर्ब ०.६० ते ०.७५ टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. पाणी नीट दिलं, म्हणजे तापवून-थंड करून नीट कडक केलं, तर त्याची कठीणता रॉकवेल या कठीणतेच्या मापावर साधारण ५५ ते ५७ येते, धार पटकन लागते आणि गंज सहसा धरत नाही. ४४०सी मध्ये कर्ब ०.९५ ते १.२० टक्के, तो धार जास्त टिकवतो, लावायला वेळही जास्त घेतो. जुन्या चाकूंतल्या १०९५ मध्ये कर्ब ०.९० ते १.०३ टक्के असतो, पण क्रोमियम नाही, म्हणून तो डागाळतो. ज्या चाकूवर नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलेलं असतं त्याने काहीच सांगितलेलं नसतं. आकड्यांपेक्षा पाणी कसं दिलंय ते महत्त्वाचं, आणि ते घरी पितळेच्या सळीवर थोडंफार कळतं. धार सळीवर धार लावताना धरतो तितक्याच तिरकस कोनात ठेवून हलकं दाबलं की कड किंचित वाकताना दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर, वाकलेलीच राहिली तर नरम, तुकडा उडाला तर जास्त कडक. दोन्ही चाकूंची कड सरळ झाली. एकाच मॉडेलच्या दोन चाकूंत पोलाद सारखं निघालं आणि जुळणी जमीन-अस्मानाची, याचं मला नवल वाटलं नाही.

कारखान्याची धार मात्र दोन्हींची टाकाऊ होती: एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, वर बर, म्हणजे धार काढताना कडेवर उरलेला धातूचा पातळ पापुद्रा, वळलेला. कागद कापत होती, आणि मऊ लाकडाच्या दोन-चार सालींनंतर घसरायला लागली. तेवढ्यावर चाकू नापास करू नये. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर धार काढताना अगदी टोकाची कड तापून नरम पडू शकते. निसण्यावर ती घासून गेली की खालचं चांगलं पोलाद हाती येतं. हिरव्याच्या शीपफूटला दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांनी धार लावली, बर चामड्यावर काढला, आणि त्याच लाकडाची साल पारदर्शक, अखंड निघू लागली. मुलगीही शेजारी उभी राहून बघत होती. "बाबा, मला हाच हवा," तिने तिथेच सांगून टाकलं.

मुठीबद्दल थोडक्यात. हाड खरं होतं. दोन बाजूंच्या रेषा आणि बारीक छिद्रं वेगळी होती, प्लास्टिकमध्ये दोन्ही बाजू साच्यातून काढल्यासारख्या सारख्या येतात. हिरव्याच्या मुठीतली ढाल, म्हणजे शोभेचा धातूचा तुकडा, किंचित तिरकी बसली होती. ती फक्त डोळ्याला खुपते.

निर्णय असा झाला: हिरवा ठेवायचा आणि तो मुलीला द्यायचा, तपकिरी बदलून मागायचा. विक्रेत्याला कळवताना 'दर्जा खराब' असं मोघम लिहू नको, असं मी मित्राला सांगितलं. त्याने उघड्या मोठ्या पात्याला हलक्या दाबात येणारी ढिलाई आणि धारेवरचा ठिपका दाखवणारा छोटा व्हिडिओ पाठवला. बदली नग वाद न होता आला.

त्या बदली तपकिरीची स्प्रिंग खणखणीत आहे, आडवी ढिलाई नाही, धार आपटत नाही. शीपफूट मिटताना शेजारच्या स्पेला घासतं आणि तिथे एक रेघ उमटली आहे. पाठही काटकोनात बरीच बुडते. पहिल्या तपकिरीपेक्षा हा दिसायला उणा आहे. मित्राने तो ठेवला, आणि मीही ठेवलाच असता. घासणारी ती दोन पाती एकदम उघडायची नाहीत, शीपफूट आधी मिटवायचं, एवढी सवय त्याने लावून घेतली. हिरव्यात ताण अजून इतका आहे की मुलीचं नख खाचेत पुरेसं धरत नाही, म्हणून सध्या पातं बाबाच काटकोनापर्यंत उघडून देतो आणि पुढचं ती उघडते.